पॉज होता की विसरली?

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगलीच्या आमराई बागेत नाटक बघायला नेलं ते खरं तर त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी नाट्यगृहात जायचंच सोडलं होतं, पायऱ्या नकोत म्हणायचे, मधेच उठावं लागलं तर अख्ख्या रांगेला पाय आखडून घ्यावे लागतात ते नको म्हणायचे. त्यात नोव्हेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे सांगलीत तर सगळीकडे रंगभूमी दिनाचं वातावरण, 5 तारखेचा विष्णुदास भावे पुरस्कार, पेपरात पान भरून बातम्या, आणि हे आपले खुर्चीत बसून तो पेपर दोनदोनदा वाचणार. मग शेजारच्या मुलानं सांगितलं की त्याच्या कॉलेजची पोरं रविवारी संध्याकाळी आमराईत नाटक करतायत, तिकीट नाही, खुर्च्या थोड्याच आहेत, बाकी सतरंज्या. पायऱ्या नाहीत हे ऐकल्यावर आण्णा म्हणाले, "बघू की मग."

आण्णा प्रॉम्प्टर होते. म्हणजे नोकरी कारखान्यात फिटरची, पण संध्याकाळी सहानंतर प्रॉम्प्टर. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा, राज्य नाट्य, गणपतीतली नाटकं, जवळजवळ वीस वर्षं. त्यांनी एकदाही स्टेजवर काम केलं नाही. लहानपणी मला त्याचं वाईट वाटायचं, बाकीच्या मुलींचे वडील निदान शिपाई तरी व्हायचे नाटकात, मेकअप बिकप करून घरी यायचे, आमचे आण्णा नाटक संपलं की जसेच्या तसे, फक्त गुडघ्यांना धूळ. कारण ते पहिल्या विंगेत एक गुडघा टेकून बसायचे, हातात वही आणि एक छोटा टॉर्च, त्याच्या काचेला लाल जिलेटिन पेपर रबरबँडनं बांधलेला, म्हणजे उजेड वहीवर पडेल पण स्टेजवर जाणार नाही.

प्रॉम्प्टिंग म्हणजे काय हे मला त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं आणि ते माझ्या कायम लक्षात राहिलंय. वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. पुढचं त्याचं त्याला काढू दे, आपण सगळं वाक्य दिलं तर नट आपल्या तालावर बोलतो आणि सीन मरतो. दुसरं, 'स' आणि 'श' जपून, कुजबुजीत तेच आधी प्रेक्षकांत ऐकू जातात, म्हणून शब्द 'श'नं सुरू होत असेल तर त्याच्या पुढचा द्यायचा. आणि सगळ्यात अवघड तिसरं. नट गप्प झाला की तो विसरलाय की पॉज घेतोय हे ओळखायचं. विसरला असेल आणि आपण गप्प राहिलो तर नाटक पडलं, पॉज असेल आणि आपण शब्द फेकला तर त्यानं महिनाभर घासून बसवलेली जागा आपण मातीत घातली. मी विचारलं, मग ओळखायचं कसं? तर म्हणाले, गळा बघायचा. बाजूनं दिसतो ना आपल्याला. पॉज घेतलेल्या माणसाचा गळा सैल असतो, विसरलेला माणूस आवंढा गिळतो, आणि हाताची बोटं वळतात. समोर बसलेल्याला चेहरा दिसतो, चेहऱ्याला अभिनय येतो, गळ्याला येत नाही.

त्यांच्या अकरा वह्या होत्या. प्रत्येक नाटक स्वतःच्या हातानं उतरवून काढलेलं, शाईच्या पेनानं, आणि मग तालमी सुरू झाल्या की त्यावर पेन्सिलीच्या खुणा. एक उभी रेघ म्हणजे छोटा पॉज, दोन रेघा म्हणजे मोठा, फुली म्हणजे एन्ट्री, आणि समासात 'हशा' असं लिहिलेलं, म्हणजे इथं लोक हसणार, तोवर थांब. त्या वह्या गावभागातल्या जुन्या घरी ट्रंकेत होत्या. 2005 च्या पुराला वाचल्या कारण ट्रंक माळ्यावर होती. 2019 ला खाली होती.

त्याबद्दल पुढं सांगते, आधी नाटकाचं.

साडेपाचची वेळ दिलेली, आम्ही पाचलाच पोचलो. आमराईत मी लहानपणापासून जाते पण नाटकासाठी म्हणून पहिल्यांदाच, आणि एखाद्या ओळखीच्या जागेत कुणीतरी चार बांबू आणि एक पडदा लावला की ती जागा आपल्याला कशी नवीन दिसायला लागते ते तिथं कळलं. पडदासुद्धा नव्हता खरं तर, दोन आंब्यांच्या मधे जुन्या साड्यांची दोरी बांधलेली, बस. स्टेज नाही, जमीनच. रोजचे फिरायला येणारे लोक राउंड मारता मारता थांबत होते, कोण हातात चपला घेऊन सतरंजीवर बसलं, एक आजी नातवाला घेऊन, दोघं तिघं पोरं सायकलीवर एक पाय टेकून तशीच उभी. माझ्याजवळ भडंगाची पुडी होती, कांदा वेगळा बांधून आणलेला, आण्णांनी ती उघडू दिली नाही. नाटक चालू असताना कागदाचा आवाज नको म्हणाले. मी म्हटलं अहो बागेत नाटक आहे, वरती पोपट किती ओरडतायत बघा. तर म्हणाले, पोपटांना माहिती नाही नाटक आहे ते, आपल्याला माहिती आहे.

एक कॉलर माईक होता आणि दोन स्पीकर. पहिल्या पाच मिनिटांतच स्पीकर खर्रर्र करायला लागला, मग शिट्टी, मग आवाज मधेच जातोय मधेच येतोय, सूत्रधाराचं काम करणारी मुलगी बोलतेय आणि तिचं अर्धंच वाक्य पोचतंय. मला फार राग आला, पोरांनी वर्गणी काढून भाड्यानं आणलेली सिस्टीम आणि ती देणाऱ्यानं एकदा चालवून तरी बघायची ना. शेवटी एक मुलगा येऊन वायरच काढून गेला. आणि मग जे झालं ते मला अजून डोळ्यासमोर आहे, की कुणी काही सांगितलं नाही, पण मागचे लोक उठून पुढं आले. सायकलवाली पोरं सायकली आडव्या टाकून आली, राउंड मारणारे राउंड सोडून आले, खुर्च्यांची रांग मोडली आणि नटांच्या तिन्ही बाजूंनी माणसं बसली, पहिल्या माणसात आणि त्या मुलीत चार हातांचं अंतर राहिलं असेल. आण्णांची खुर्ची मी उचलून पुढं नेली. ते म्हणाले, "जरा कडंला घे." मी कडेला घेतली. "अजून जरा." म्हणजे बरोबर बाजूला, जिथं विंग असती तिथं. पण तिथं आंब्याचं खोड आडवं येत होतं, शेवटी त्यांना समोरच बसावं लागलं.

मला तेव्हा वाटलं की हे असंच असणार ना मुळात. आपण सांगलीकर 1843 चं 'सीतास्वयंवर' म्हणून छाती फुगवतो, विष्णुदास भाव्यांचं, आणि फुगवावीच, पण तेव्हा कुठलं आलंय नाट्यगृह. राजवाड्यात झालं ते. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी आली होती, त्यांचे खेळ आप्पासाहेब पटवर्धनांनी बघितले आणि विष्णुदासांना म्हणाले असं काहीतरी आपल्याकडं करा. पुढं आप्पासाहेब गेल्यावर राजाश्रय सुटला आणि 1853 ला हीच मंडळी मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात पोचली, तिकीट लावून, पण सुरुवात राजवाड्यातली. समोर राजेसाहेब आणि मानकरी बसलेले असणार, मशाली, पलिते, राक्षसपार्टी आरडाओरडा करत येणार. आणि त्याच्याही आधीची आपली सगळी खेळं उघड्यावरचीच की, भारूड काय, लळीत काय, गोंधळ काय, देवळाच्या ओवरीत नाहीतर अंगणात, बघणारा आणि करणारा एकाच उजेडात.

आण्णांचं यावर एक म्हणणं आहे, ते मला पटतं. भाव्यांच्या नाटकाला संवाद लिहिलेले नसायचे. पदं लिहिलेली, ती सूत्रधार म्हणणार, सगळ्या पात्रांची पदं तोच, आणि पात्रांनी आपापलं बोलणं जागेवर रचायचं. सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्टेजवरच उभा, मागं साथीदार. म्हणजे एखादा अडखळला तर सूत्रधार पद उचलणार, पात्राला सावरायला वेळ मिळणार, प्रेक्षकाला कळणारसुद्धा नाही. आण्णा म्हणतात आमच्या धंद्याचा मूळ पुरुष तो, फरक एवढाच की तो उजेडात उभा राहायचा. पुढं शब्द न् शब्द लिहिलेली नाटकं आली, 1861 ला कीर्तन्यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं, मग ती इंग्रजीवरनं केलेली बुकिश नाटकं, मग आपल्या हरिपूरचे देवल, मग खाडिलकर, आणि लिहिलेलं वाक्य आलं की ते विसरायची भीती आली, भीती आली की वही घेऊन विंगेत बसणारा माणूस आला. हे कुठल्या पुस्तकात असंच लिहिलंय असं मी म्हणत नाही, पण वीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे आणि मला त्याची किंमत वाटते.

तर नाटक. पुराचं होतं. 2019 चा. नाव मोठं काही नव्हतं, गोष्टही साधी, गावभागातलं एक घर, एक आजी, ती घर सोडायला तयार नाही, पाणी पायरीपायरीनं चढतंय आणि घरातली माणसं तिला समजावतायत. पाच जणांनी सगळी पात्रं केली. बोट म्हणून दोन पोरांनी एक परकर ताणून धरला आणि त्यात आजी झालेली मुलगी बसली, पोरं गुडघ्यात वाकून चालायला लागली आणि तो परकर असा हलला की माझ्या पोटात कालवलं, कारण आम्हाला त्या बोटीत बसवलं होतं तेव्हा ती तशीच हलली होती, आणि आण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ होते.

नाटकाला एक पालुपद होतं. दर थोड्या वेळानं सूत्रधार मुलगी पुढं यायची आणि विचारायची, "आयर्विनला किती?"

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 चा पूल आहे आमचा, आणि पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, आयर्विनला किती विचारतात, म्हणजे पुलाशी पाणी किती फुटांवर आलंय. 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका. 40 झालं की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं सामान वर घ्यायला लागतात. कोयनेतनं किती सोडलं, वारणेला किती आलंय, आलमट्टीतनं किती पुढं जातंय, हे आमच्याकडं शाळेतली पोरंसुद्धा बोलतात. 2005 ला एकदा झालं, तेव्हा वाटलं एवढंच असेल, आयुष्यात एकदा. मग 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं. 2021 ला परत.

तर ती विचारायची आयर्विनला किती, आणि बाकीचे चौघं म्हणायचे, चाळीस. मग सीन. परत, आयर्विनला किती, पंचेचाळीस. पन्नासपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की फक्त चौघं म्हणत नाहीयेत, मागनंपण आवाज येतोय. लोक म्हणत होते. हळू, तोंडातल्या तोंडात, जसं देवळात आरती म्हणताना आपण म्हणतोय हे आपल्याला कळत नाही तसं. माझ्या पुढं बसलेल्या बाईंचे खांदे प्रत्येक आकड्याला आत ओढले जात होते.

मधेच लांबनं कुठूनतरी अजान सुरू झाली. पाचही पोरं होती तिथं थांबली. ठरवलेलं असेल नसेल, पण जो ज्या पोझमधे होता तो त्याच पोझमधे, एकाचा हात वर, आजी ट्रंकेवर वाकलेली, अजान संपेपर्यंत सगळी आमराई गप्प, आणि अंधार त्याच दोन मिनिटांत पडला असं वाटलं. मग एका पोरानं झाडाला अडकवलेला बल्ब लावला आणि नाटक त्याच वाक्याच्या पुढच्या शब्दापासून चालू.

शेवटी शेवटी आजी बोटीत बसते. सूत्रधार मुलगी पुढं आली. तिनं विचारलं, "आयर्विनला किती?" आणि या वेळी उत्तर तिनंच द्यायचं होतं, बाकीचे चौघं पाठमोरे उभे होते. ती काही बोलेना.

एक सेकंद, दोन, पाच. बागेत पाच सेकंद फार मोठे असतात, नाट्यगृहात अंधार आणि भिंती ते सांभाळून घेतात, इथं रस्त्यावरची गाडी ऐकू येते, कुणाचातरी मोबाईल, झाडातलं वटवाघूळ, आणि त्या सगळ्याच्या मधे ती एकटी मुलगी बल्बच्या उजेडात उभी. मी आण्णांकडं बघितलं. त्यांची मान पुढं आलेली, ओठ किंचित उघडे, उजवा हात गुडघ्यावर, अंगठा असा तर्जनीवर सरकत होता, वहीचं पान धरल्यासारखा. मी हळूच विचारलं, विसरली का? त्यांनी मान हलवली. नाही. पुटपुटले, "पॉज आहे. मोठा."

आणि तेवढ्यात त्या पुढच्या बाई म्हणाल्या, "सत्तावन्न."

ओरडून नाही. सांगितल्यासारखं. मग त्यांच्या बाजूचं कुणीतरी, मग मागनं, मग सगळ्यांनी, सत्तावन्न, सत्तावन्न, आणि ती मुलगी एकेकाकडं बघत उभी, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, मग तिनंही म्हटलं आणि तिथून पुढचं तिचं शेवटचं बोलणं तिनं सलग म्हटलं. मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. आण्णांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा काढून हातात धरला फक्त.

त्या वह्यांबद्दल आता सांगते. 2019 ला पाणी ओसरल्यावर आम्ही घर उघडलं तेव्हा ट्रंकेत चिखल होता. आण्णांनी सगळं सोडून आधी वह्या काढल्या. भांडी, गाद्या, फ्रिज, कशाला हात लावला नाही. एकेक पान सुट्टं करून गच्चीत दोरीवर चिमट्यानं लावलं, तीन दिवस ते तेच करत होते, मी ओरडले पण त्यांना, की आण्णा खाली माणसं घर धुतायत आणि तुम्ही काय करताय. पानं वाळली. शाई गेली होती सगळी, निळे डाग नुसते, एक अक्षर लागत नव्हतं. पण पेन्सिल राहिली होती. पेन्सिल पाण्यानं जात नाही. म्हणजे त्या पानांवर संवाद एकही नाही आणि सगळे पॉज आहेत, एक रेघ, दोन रेघा, फुली, मधे निळा डाग, परत दोन रेघा, समासात 'हशा'. मी ती पानं बघून खाली आले आणि धुणं धुवायच्या दगडावर बसून खूप रडले. आण्णांनी त्यातली बरी बरी निवडून एका फाईलीत लावली. ती फाईल आता विश्रामबागच्या घरी त्यांच्या कपाटात आहे. कधीतरी काढून बसतात. मी आत गेले तर मिटवत नाहीत, चालू ठेवतात, म्हणजे बोट रेघेवर ठेवून थांबतात, आणि मग पुढं सरकतात. त्यांना संवाद पाठ आहेत.

नाटक संपल्यावर लोक लवकर उठले नाहीत. टाळ्या झाल्या, मग माणसं तिथंच उभी राहून आपापला पूर सांगायला लागली, आमच्या गल्लीत इतकं होतं, आमची म्हैस, आमचं दुकान, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही तरी. भडंग मी तेव्हा उघडलं आणि ते पुढच्या बाईंना दिलं, त्यांनी मूठभर घेतलं आणि त्यांच्या नातवानं उरलेलं सगळं. पोरं सतरंज्या गुंडाळत होती. आण्णा काठी टेकत थेट त्या सूत्रधार मुलीकडं गेले, मी मागनं.

"चांगलं केलंस पोरी," म्हणाले. आणि मग लगेच, "एक विचारू? शेवटाला थांबलीस ते. पॉज होता ना?"

ती बघायला लागली. एकोणीस वीस वर्षांची असेल, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. म्हणाली, "नाही आजोबा. विसरले होते मी. आकडा कसा विसरेन, आकडा माहिती होता, पण त्याच्या पुढचं अख्खं बोलणं गेलं डोक्यातनं. आकडा म्हटला असता तर पुढं काय म्हणू कळेना, म्हणून म्हटलंच नाही."

आण्णा गप्प झाले. मला भीती वाटली त्यांना वाईट वाटलं की काय. वीस वर्षं ज्या एका गोष्टीत त्यांची चूक झाली नाही ती आज झाली. पण ते तिच्या गळ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "समोरनं कळत न्हाई. मला तरी कुठं कळलं." जरा थांबून, "पण त्या बाईला कळलं बघ. काय देऊन गेली. एकच शब्द."

मग त्यांनी तिच्याकडं स्क्रिप्ट मागितलं. तिनं पिशवीतून झेरॉक्सची चुरगळलेली पानं काढली, त्यांनी ती बल्बखाली धरली, शेवटचं पान काढलं, आयर्विनला किती त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुढच्या प्रयोगाला हितं थांबणार ना आता?"

"हो, सर म्हणाले आता हे असंच ठेवू."

"मग खूण कर. दोन रेघा."

तिनं पर्समधून बॉलपेन काढलं. आण्णांनी हात आडवा धरला. "पेनानं नको," म्हणाले, आणि खिसे चाचपायला लागले, शर्टाचा, स्वेटरचा, मग माझ्याकडं वळले, "तुझ्याकडं पेन्सिल हाय का गं?"

माझ्याकडं नव्हती. त्या आजींच्या नातवाच्या दप्तरात होती.